हायड्रोजनचं पातेलं

मी नांदेडची. गोदाकाठची माणसं पाण्याच्या बाबतीत जरा माजलेली असतात, हे लग्न होऊन लातूरला येईपर्यंत मला माहीत नव्हतं. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. भाड्याच्या घरांवरसुद्धा कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या, आणि चहाच्या टपरीवर बसलेला रिकामटेकडाही 'आपला जिल्हा' असं छाती काढून म्हणत होता. पाणी मात्र टँकरनं यायचं, तेही टँकरवाल्याच्या मर्जीनं. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, असं मी पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला म्हणाले, तर तो संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. वास्तविक तो लातूरचा नव्हेच, बिलोलीकडचा. पण ज्या गावानं नोकरी दिली त्या गावाला नावं ठेवलेली त्याला खपत नसत.

नोकरी तरी कसली, एका कॉलेजात शिकवायची, दरवर्षी नव्यानं अर्ज करायची. कायम व्हायचं तर संशोधन करून पदवी मिळवावी लागणार होती. तेव्हा बाकीच्यांनी आपापले सोपे सोपे विषय धरले. कुणी विहिरीच्या पाण्यातले क्षार मोजले, कुणी तुरीवरची कीड. आमच्या माणसानं काय धरावं? तर जंतूंकडून हायड्रोजन काढायचा. गुळाचं पाणी एका मोठ्या बरणीत घालायचं, त्यात शेणाचा काला मिसळायचा, हवा आत जाणार नाही असं बूच ठोकायचं आणि उबेत ठेवून द्यायचं. आतले जंतू गूळ खातात आणि त्याची आम्लं करतात. ते करताना त्यांच्या पोटातून जो वायू सुटतो त्यात हायड्रोजन असतो. तो जळतो आणि जळल्यावर मागे फक्त पाणी उरतं. हे त्यानं मला लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला नेलं तेव्हा सांगितलं होतं. बाकीच्या बायकांना नवरे फिरायला नेतात तेव्हा काय सांगतात, हे मी नंतर मैत्रिणींना विचारून घेतलं.

शेण आधी उकळावं लागायचं. शेणात दुसरेही जंतू असतात, ते हायड्रोजन तयार होताच फस्त करून टाकतात. उकळलं की ते मरतात. आपले कामाचे जंतू मात्र जोंधळ्याच्या दाण्यासारखं टणक कवच धरून बसतात आणि निभावतात. हे सगळं शास्त्राला धरून होतं. पण भर उन्हाळ्यात ओट्याशेजारच्या स्टोव्हवर शेण रटरटतंय आणि शेजारच्या स्टोव्हवर मी वरण करतेय, हे बघितल्यावर घरमालकीणबाई दोन दिवस आमच्याकडे साखर मागायला आल्या नाहीत.

हा संसार आधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. तिथून हाकलला तो वासामुळे. त्या बरणीत जी आम्लं तयार होत त्यातलं एक खवट लोण्यात असतं तेच, आणि एक शिरक्यातलं. प्राचार्यांच्या खोलीपर्यंत खवट तुपाचा वास गेला, तेव्हा त्यांनी शिपायाला उंदीर मेलाय का बघायला लावलं. उंदीर सापडला नाही, माझा नवरा सापडला. मग बरणी, बाटल्या, रबरी नळ्या असं सगळं एका हातगाडीवर घालून तो घरी घेऊन आला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आमच्या दोन खोल्या, त्यातल्या बाहेरच्या खोलीचा अर्धा भाग हायड्रोजनला गेला. ऊब द्यायला यंत्र लागत नव्हतं, लातूरचा उन्हाळा तेवढ्यासाठी पुरेसा होता. वास कपड्यांत इतका मुरला की एस.टी.त माझ्या शेजारी बसलेली बाई उतरून जायची. जागा ऐसपैस मिळायची, तेवढा एक फायदा.

आमच्याबरोबर सासूबाई राहायच्या. मी त्यांना आत्या म्हणायची, नवरा माय म्हणायचा. मागच्या मोठ्या दुष्काळात, नवरा शाळेत असताना, त्यांनी सरकारी कामावर खडी फोडली होती. सासरे आधीच वारलेले. दिवसभर फोडायचं आणि घोटभर पाण्यासाठी मुकादमाच्या तोंडाकडे बघायचं. त्या दिवसांचं त्यांना दुःख होतं असं मला कधी दिसलं नाही, त्यांना त्या दिवसांचा राग होता. पाणी सांडलेलं त्यांना बघवत नसे. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी मोरीशेजारच्या कढीपत्त्याला, आणि हंड्याखाली ठिबकलेलं पाणी वाटीनं गोळा करून परत हंड्यात. आमच्या घरात पाणी खाली जात नसे, गोल गोल फिरत असे. मी गोदावरीच्या सवयीनं एकदा पायावर तांब्याभर जास्त पाणी घेतलं, तर त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. नुसत्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. नव्या जिल्ह्याच्या नव्या कलेक्टर कचेरीत लेकाला खुर्ची मिळावी. कायमची खुर्ची, वर पंखा. ज्या सरकारच्या कामावर त्यांनी उन्हात खडी फोडली, त्याच सरकारच्या सावलीत लेक बसलेला त्यांना बघायचा होता. विहारात जायच्या तिथंही बायकांना सांगायच्या, "भरती निगाली की आमचा लागतोय." कॉलेजातली नोकरी त्यांच्या हिशोबी नोकरी नव्हती. जिथं दरवर्षी 'ठेवता का' म्हणून विचारावं लागतं ती कसली नोकरी? मलाही, खरं सांगायचं तर, त्यांचं म्हणणं काही अगदी चूक वाटत नव्हतं.

तर प्रयोगाची मांडणी अशी होती. बरणीतला वायू नळीतून चुन्याच्या पाण्यात यायचा. त्यातला नको तो वायू चुना गिळून टाकायचा. उरलेला हायड्रोजन पुढच्या मोठ्या काचेच्या बाटलीत जायचा. ही बाटली गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेली. वायू वर साठला की तितकंच पाणी दुसऱ्या नळीनं बाहेर ढकललं जायचं आणि खालच्या पातेल्यात पडायचं. पातेल्यात जितकं पाणी, तितका हायड्रोजन. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून नवऱ्यानं शाईनं रेघ मारली होती, सुरुवातीला पाणी कुठवर होतं ते कळावं म्हणून.

सगळा उन्हाळा गेला आणि पातेलं कोरडंच. बुडबुडे यायचे, आम्लाचा वास तर गल्लीभर यायचा, पण पाणी रेघेवरून हलायला तयार नाही. तो रोज सकाळी उठला की तोंड न धुता बाटलीसमोर उकिडवा बसायचा. "आम्ल तयार होतंय, म्हणजे हायड्रोजन व्हायलाच पाहिजे. मग जातो कुठं?" असं तो मला विचारायचा. मी म्हणायची, "कलेक्टर कचेरीत गेला असेल, तिथं भरती आहे." पहिल्यांदा तो हसला. नंतर नंतर हसेनासा झाला. शेण जास्त उकळून बघितलं, कमी उकळून बघितलं, दुसऱ्या गोठ्यातलं आणून बघितलं. एका रविवारी दिवसभर बाटलीसमोर बसून राहिला, तर नेमकी त्या दिवशी बरणीच थंडावलेली. शेवटी त्यानं ठरवून टाकलं की जे काही तयार होतंय ते सगळं चुनाच गिळतोय, हायड्रोजन मुळात होतच नाही, आणि आपल्या हाताला यश नाही. रात्री जेवताना तो ताटाकडे बघत बसे. त्याची चेष्टा करणं मी तेव्हा सोडून दिलं. माझ्या स्वभावाला ते जड गेलं, पण सोडलं.

त्याचे मार्गदर्शक सर नांदेडला असत. शांत माणूस, कुठल्याही गोष्टीवर 'पाहू' म्हणायचे. त्यांनी निरोप पाठवला की मी येऊन डोळ्यांनी पाहीन, हायड्रोजन दिसला तर विषय ठेवू, नाही तर हा विषय सोडा. त्याच सुमाराला कचेरीतल्या भरतीतही त्याचं नाव लागलं. आईच्या हट्टापायी अर्ज केलेला होता. तेव्हा त्यानं आईला समोर बसवून सांगितलं, "माय, सर येऊन जाऊ दे. न्हाई जमलं तर मी कचेरीत रुजू होतो, पुन्हा ह्या बाटलीचं नाव काढत न्हाई." सासूबाईंनी नुसती मान हलवली. पण त्या दिवशी त्यांनी वरणात तूप जास्त घातलं.

सर यायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. टँकर पहाटे येणार अशी आवई होती, म्हणून मी लवकर उठले. बाहेरच्या खोलीत सासूबाई बाटलीपुढे बसलेल्या. त्यांनी बूच ओढून काढलं, फुस्स आवाज झाला. मग पातेलं उचलून त्यातलं पाणी, एक थेंब न सांडता, बाटलीत ओतलं आणि बूच पुन्हा घट्ट बसवलं.

"आत्या, काय करून राहिलात?"

"हळू बोल, झोपलाय त्यो. ही बाटली गळती हाय बग. रोज रातच्याला इवढं पानी खाली येतंय. मी भरून ठिवते."

"रोज?"

"हाव, रोज. दुपारी बी. तेनं रेघ मारली हाय न्हवं, तितवर बराबर भरते. जरा बी कमी न्हाई."

"मग ह्यांना सांगितलं का नाही?"

"कामून सांगू? आदीच बेजार हाय लेकरू. त्यात बाटली गळती म्हनलं तर जीव खाईल सोताचा."

मी तिथंच भिंतीला टेकून हसायला लागले. हसू आवरेना. त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघत राहिल्या. सबंध उन्हाळ्याचा हायड्रोजन त्या माउलीनं रोज बूच काढून खोलीत सोडून दिला होता आणि वर लेकाची रेघ सांभाळली होती.

नवऱ्याला उठवून सांगितलं. त्यानंही माझ्यासारखंच विचारलं, "रोज?" मग तो उठून अंगणात जाऊन उभा राहिला. मला वाटलं आता हा ओरडणार. पण आत आला तो हसतच, आणि इतका मोठ्यानं हसला की घरमालकीणबाईंच्या शेळ्या ओरडायला लागल्या. मग आईजवळ बसून त्यानं तिला समजावलं, की पाणी गळत नाही, वायू त्याला ढकलतो, आणि पातेल्यातलं पाणी हेच माझ्या वायूचं माप.

सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजी पानी पडलं की तुजं काम झालं."

"हाव, माय."

"आन् न्हाई पडलं तर कचेरी."

"तर कचेरी," तो म्हणाला. त्याच्या डोक्यात तेव्हा बाटलीशिवाय काही नव्हतं. मी मात्र सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होते, आणि माझं हसू विरून गेलं.

सर आले त्या दिवशी नवरा त्यांना आणायला सकाळीच स्टँडवर गेला. नांदेडची गाडी वेळेवर आल्याचं मी माहेरी जाता-येता कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे तो दुपारपर्यंत अडकणार हे ठरलेलं. मी शिकवायची ती शाळा सकाळची होती, तीही मला चुकवता आली नाही. नवी बरणी आदल्या रात्री लावलेली. घरात सासूबाई एकट्या, आणि ती बाटली.

शाळेत माझं चित्त नव्हतं. मुलांना मी एकच पाढा दोनदा म्हणायला लावला. सारखं मनात यायचं की एक बूच काढायचं आणि रेघेपर्यंत पाणी ओतायचं, इतकंच तर काम. सबंध उन्हाळा हाताला त्याची सवय झालेली. कुणी त्यांना बोल लावला नसता. नवऱ्यानंही, बरणी लागली नाही, असंच म्हटलं असतं.

घरी आले तर गल्लीत ओली रेघ पडलेली होती, टँकरची. लोकांच्या दारात भरलेल्या घागरी. आमच्या घागरी मात्र उंबऱ्याशी ओळीनं रिकाम्या. मी आत गेले. सासूबाई बाटलीपुढे मांडी घालून बसल्या होत्या, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. पातेलं निम्म्याच्या वर भरलं होतं आणि नळीच्या तोंडातून थेंब पडत होता.

"आत्या, टँकर आला होता?"

"आला व्हता."

"मग?"

"ह्याच्याजवळ कोन बसनार?"

मागून घरमालकीणबाई आल्या. "मी तीन हाका मारल्या बाई. म्हनलं मी बसते पातेल्यापाशी, तुमी जा. तर म्हनतात, तुमी शेळ्यांला पाजाल." सासूबाईंनी मागं वळूनही बघितलं नाही. टँकर कधी न चुकवणारी बाई. तापानं फणफणलेली असतानाही घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली मी त्यांना बघितली होती.

सर आले. घामानं भिजलेले, धोतराचा सोगा हातात. बाटलीभोवती दोनदा फिरले, 'पाहू' म्हणाले, आणि पातेल्यातलं पाणी मोजायच्या भांड्यात ओतून डोळ्यांच्या पातळीवर धरून बघितलं. मग नवऱ्यानं बाटलीतला वायू छोट्या परीक्षानळीत भरून घेतला. सरांनी काडी ओढून नळीच्या तोंडाशी नेली. पट् असा आवाज झाला. निळसर ज्योत क्षणभर दिसली, नाही दिसली. घरमालकीणबाई "अगं माय" म्हणत दाराबाहेर पळाल्या. सर पहिल्यांदाच 'पाहू' म्हणाले नाहीत. म्हणाले, "लिहायला घ्या."

नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. हे मी त्याला पुष्कळदा ऐकवलेलं आहे.

तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. "झालं का मोजून?" सर म्हणाले, झालं. "मग द्या हिकडं." मोजायचं भांडं त्यांच्या हातून घेऊन त्या सरळ स्टोव्हकडे गेल्या. घरात दुसरं पाणीच नव्हतं. त्याच पाण्याचा चहा झाला. सरांनी एक घोट घेतला, कपात बघितलं, आणि म्हणाले, "चहाला जरा तुपाचा वास येतोय." नवऱ्यानं कप तोंडाला लावून ठेवला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. सरांनी चहा संपवला, थोर माणूस. चहा पिता पिताच नवऱ्यानं त्यांना सांगून टाकलं की कचेरीतल्या जागेला उद्याच नकार कळवतो. आई तिथंच उभी होती. तिनं रिकामा कप त्याच्या हातून घेतला आणि आत गेली.

तो सरांना पोचवायला गेल्यावर मी आतल्या खोलीत गेले. त्या भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या.

"आत्या," मी म्हणाले, "आज पाणी परत ओतलं असतं तर कुणाला कळलं नसतं."

"हाव. दोनदा उठले व्हते मी. येकदा बुचाला हात बी लावला."

"मग?"

"मग काय. तिकडं पंख्याखाली बसला असता त्यो. आन् जलमभर म्हनला असता, माज्यानं झालं न्हाई." त्यांनी बाहेरच्या खोलीकडे बोट केलं. "झालं व्हतं की. माज्या डोळ्यापुडं पडत व्हतं थेंब थेंब."

मग त्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. "खुर्चीचं लई वाईट वाटून राहिलं मला," त्या म्हणाल्या. "आज रडू दे. उद्या न्हाई रडायची. आन् तेला सांगू नको."

मी त्यांच्याजवळ बसले. तो परत आला तेव्हा त्यांनी तोंड पुसलं होतं आणि त्याला दुसरा टँकर कधी येतोय ते विचारून यायला पिटाळलं. तो शीळ घालत गेला. आत्या वारल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी त्याला अजून सांगितलेलं नाही, हे वाचूनच त्याला कळेल.